सहा केबीतली पीएचडी

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
भाऊबीज उरकली. सूनबाई निकिता माहेरी, शनिवारी येणार. योगेश कंपनीत. घरात मी, सिंधू आणि कॉम्प्युटर. तिघांत कामाचे दोघंच.
पाडव्याचा संकल्प: कॉम्प्युटरला शिस्त लावणे. सुरू व्हायला अकरा मिनिटं घेतो. कारण उघड आहे. चार माणसांची चार अकाउंटं, त्यात निकिताचा पसारा. तिच्या अकाउंटचं नाव 'निकू'. हे काय नाव झालं? सरकारी ऑफिसात एकतीस वर्षं काढली, एका फाइलवर टोपणनाव चालवून घेतलं नाही.
या घराचा ॲडमिनिस्ट्रेटर मी. बाकी सगळे साधे यूजर. आधी प्रत्येकाचा बॅकअप घ्यायचा, मग जुनी अकाउंटं उडवायची, पूर्ण नावानं नवी करायची आणि ज्याचं त्याला परत. दोन तासांचं काम.
सिंधूला सांगितलं. म्हणाली, निकिताला आधी फोन करा, महिनाअखेरीस तिला पीएचडीचा प्रबंध द्यायचाय. म्हटलं, सरप्राइज आहे. ती पोहे भिजवायला निघून गेली. बाईमाणसाला सिस्टीम कळत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार
माझा बॅकअप झाला. पावणेचार तास. एक्केचाळीस जीबी. नुसते सुप्रभातचे फोटोच एकोणीस हजार. माणसानं आयुष्यात काहीतरी जमवलेलं असावं.
सिंधूचं काय, दोन रेसिपी. मग निकिताच्या अकाउंटात शिरलो. पासवर्ड मीच ठेवलेला, लग्नाची तारीख. डेस्कटॉपवर चार फोल्डर छान ओळीत: प्रबंध, मुलाखती, फोटो, आजी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीकसा बाण. चारही पेनड्राइव्हवर घेतले. चहाचा घोट घेईपर्यंत काम झालं. एकूण सहा केबी.
माझा एक गुलाब दोनशे केबीचा असतो. ही बाई चार वर्षं सटाण्याकडच्या गावांत फिरते, कांदे निवडणाऱ्या म्हाताऱ्यांशी अहिराणीत बोलते, रेकॉर्ड करते, आणि साठलं किती, तर सहा केबी. योगेश म्हणतो, मर मर मरते ती. सिंधूला आकडा सांगितला. आणि खरं सांगतो, मला निकिताची कीव आली.
'आजी' म्हणजे माझी आई. एप्रिलमध्ये निकितानं गावी जाऊन तिलाही बोलतं केलं. पन्नास मिनिटं. जूनमध्ये आई गेली. तेव्हापासून निकिता मागे लागलीय, पप्पा, एकदा ऐकाच, एकटे बसून ऐका, आजी तुमच्याबद्दल बोलल्यात. सिंधूनं ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. हळवी आहे. मला सवड कुठाय. थंडी पडली की ऐकीन.

६ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १२.२०
जुनी अकाउंटं उडवली. 'निकू'च्या वेळी मशीननं विचारलं, फायली ठेवू की काढून टाकू? खिशात बॅकअप असलेला माणूस असल्या प्रश्नाला भीत नाही. टाक काढून.
नवं अकाउंट: सौ. निकिता योगेश खैरनार. वाचूनच घर भरल्यासारखं वाटलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार
किरकोळ अडचण. माझे एक्केचाळीस जीबी चुकून निकिताच्या अकाउंटात गेले. मग सिंधूच्या. तिसऱ्यांदा माझ्यात. आता तिघांकडेही गुलाब आहेत. डिस्क भरली म्हणून लाल पट्टी दिसते. भरणारच, पहिल्यांदाच तिच्यावर काम होतंय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
निकिताचे सहा केबी जागेवर ठेवले. चारही फोल्डर, बाणासकट. उघडून पाहिले नाहीत. दुसऱ्याचं वाचणं आपल्यात बसत नाही.
उद्या ती काय म्हणेल याचा अंदाज करतोय. फार बोलू देणार नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी
निकिता आली. चहाही न घेता कॉम्प्युटरला बसली. फोल्डर उघडेना. मशीन म्हणे, हे जिकडे बोट दाखवतंय तिथं काहीच नाही. तिनं चारही उघडून पाहिले. मग मला विचारलं, पप्पा, जुनं अकाउंट काढताना फायली ठेवल्या की काढल्या? मी सगळी पद्धत पहिल्यापासून समजावून सांगितली. तिनं मध्येच डोळे मिटले.
योगेश मला म्हणाला, पप्पा, तुम्ही जरा खाली फिरून या. माझ्याच घरात.

१० नोव्हेंबर, रविवार
स्टेशनजवळ नवनाथचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. मशीन तिथं नेलं. पोरगा आगाऊ. म्हणाला, काका, बाण म्हणजे नुसती दाराची पाटी. तुम्ही पाटी काढून खिशात ठेवली आणि घर पाडलं.
वर विचारतो, सामान आत ठेवून बाहेर नुसत्या पाट्या लावल्या कोणी? गेल्या दिवाळीत मीच लावल्या होत्या, डेस्कटॉपवर पसारा नको म्हणून. त्याला म्हटलं, चौकशी नको, दुरुस्ती कर.
म्हणतो, लगेच आणला असता तर निघालं असतं, पण तुम्ही त्यावर तीन वेळा फोटो ओतलेत. तरी दोन तास खटपट केली. तीन फायली निघाल्या. तिन्ही सुप्रभात. एकात त्र्यंबकची पिंड होती, सुरेख.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
उगाच तीन दिवस घर डोक्यावर घेतलं. निकिताचं सगळं तिच्या मॅडमकडे कॉलेजात सुखरूप आहे. गणपतीत मी प्रिंटर दुरुस्त केला, तेव्हापासून ती तिकडे एक प्रत ठेवते म्हणे. सिंधूनं सांगितलं. मी निकिताला म्हटलं, बघ, एवढं रडायची काही गरज होती का?
गेलं ते फक्त 'आजी'. घरातलं बोलणं बाहेर कशाला, म्हणून ते तिनं कॉलेजात ठेवलं नव्हतं. फोनमधूनही कधीच काढून टाकलेलं. असो. एका मुलाखतीनं प्रबंध अडत नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
प्रबंध गेला. आभाराचं पान पाहिलं. योगेश, सिंधू, कै. कुसाबाई म्हणजे आई. माझं नाव टायपिंगमध्ये राहिलं असावं.
मशीन उघडलं तर मी साधा यूजर. ॲडमिनिस्ट्रेटर सिंधू. घड्याळ दुरुस्त करायचं तरी तिला विचारावं लागतं. पासवर्ड टाकताना ती कीबोर्डवर पदर धरते.

८ डिसेंबर, रविवार. सकाळी ९
थंडी पडली. सवड होती. पेनड्राइव्ह लावून 'आजी'वर क्लिक केलं. काहीच नाही.
मग फोन पाहिला. आईचा आवाज कुठं असेल तर. तिचे मिस्ड कॉल आहेत, आवाज नाही. उचलला तेव्हाही मी मीटिंगमध्ये आहे म्हणायचो. रिटायर झाल्यावरसुद्धा.
स्वयंपाकघरात गेलो. निकिता मेथी निवडत होती. विचारलं, तू ते दोनदा ऐकलं होतंस ना? आई माझ्याबद्दल काय म्हणाली?
म्हणाली, आठवत नाही, पप्पा.
चाळीस म्हाताऱ्यांचं बोलणं हिला तोंडपाठ. कोणाच्या कांद्याच्या चाळीत कोणत्या साली माल सडला ते सांगते. हे नाही आठवत. तिनं मान वर केली नाही. सिंधूकडे पाहिलं. तिनंही ऐकलंय. ती दूध बघायला वळली. दूध कधीच तापून झालं होतं.
परत येऊन बसलो. मी एकुलता एक. चांगलंच म्हणाली असणार.