चोरून आणलेली जास्वंद

चोपडा, २१ जून १९५३
तुळस गेली! लग्न होऊन आल्यापासून लावलेलं एक झाड जगेल तर शपथ. सासूबाई शेजारच्या शेवंताअक्कांना माझ्यादेखत म्हणाल्या, "हिना हातले गुन नही." म्हणे माझ्या हाताला गुणच नाही! म्हणूनच केळीच्या लागणीला मला बांधावर बसवतात. धुळ्याच्या पोरीला काय कळतंय, हे वर! फार लागलं मनाला. आता काहीतरी फुलवून दाखवणारच.

२४ जून
अक्कांच्या दारी दुहेरी पाकळ्यांची लाल जास्वंद आहे. फांदी मागितली. म्हणाल्या, "मांगीसन लयेल फांदी लागत नही. चोरीसन लई जाय." आणि पाठ करून ज्वारी निवडत बसल्या. मी चोरली. निघताना सवयीनं म्हणाले – येते हं अक्का!

२ जुलै
फांदी काळी पडली. अक्का म्हणतात, मला माहीत होतं, मग ती चोरी कसली? खरी चोरी कर. आता त्याही म्हणे खरी राखण करणार.

७ जुलै
अक्का ओट्यावर काठी घेऊन बसतात. दुपारी डुलकी लागली म्हणून गेले – तर एक डोळा उघडा! पळाले. चप्पल तिथेच राहिली. ती त्यांनी सासूबाईंच्या हाती आणून दिली.

१२ जुलै
मिळाली! अक्का बाजाराला गेल्या होत्या. न्हाणीमागे रोवली. ह्यांना सांगितलं तर हसून हसून आडवे. पोलीसपाटलाला कळवू का, म्हणतात. मुळं फुटली का ते बघायला रोज थोडी माती उकरते.

३० जुलै
हीही वाळली. रडले. जेवले नाही.

१ ऑगस्ट
पालवी!! आणि एका दिवसात वीतभर उंचही झाली. देव आहे.

४ ऑक्टोबर
फूल! केवढं लाल! सासूबाई आळीभर सांगून आल्या, माझ्या सुनेच्या हाताला भलताच गुण आहे म्हणून. परवा मळ्यात केळीची लागण. पहिला कंद माझ्या हातून लावायचा, बघायला सगळी आळी येणार. माझे पाय जमिनीवर नाहीत आज.

५ ऑक्टोबर
अक्का फूल बघायला आल्या. सासूबाई आत वळल्या तशा माझ्या कानाशी लागल्या, "तू फांदी उलटी रोयेल व्हती. मी मना घरनं रोप लाई दिधं. सासूले सांगू नको."
लागण उद्या सकाळी. केळीच्या कंदाची वरची बाजू कोणती असते?