पांढऱ्या रेघेच्या पलीकडे सहा आठवडे

१२ जून
वेन्डोव्हरला पोचलो. अर्धं गाव नेवाडात, अर्धं युटात, मधे रस्त्यावर दोन राज्यांच्या हद्दीची जाड पांढरी रेघ. एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढला.
प्लॅन साधा आहे. नेवाडात सलग सहा आठवडे राहायचं, की तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज टाकता येतो. मॅरिबेथला म्हटलं, तू तिकडे घरी बॉइसीत काही धावपळ करू नकोस, बायको म्हणून सगळी कागदपत्रं आजवर तूच केलीस, हे एक मी करतो. ती म्हणाली, डस्टी, तुला केस कापायला खुर्चीत बसवत नाही, सहा आठवडे काय बसणार? एक ऑगस्टपर्यंत थांबते. मग मीच अर्ज टाकीन.
टाक म्हणावं. सहा आठवडे एका जागी बसून दाखवलं की तिला कळेल माणूस सुधारलाय. मग तीच म्हणेल, जाऊ दे, कशाला हवाय घटस्फोट. तिला हे आत्ता सांगायचं नाही.

१३ जून
नोकरी मिळाली! डायनरमध्ये भांडी घासायची. डायनर नेवाडात. मुख्य वेट्रेस ओपलबाई, साठीच्या, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, राजा, भांडं घासतोयस की कुरवाळतोयस?
व्हॅनलाही जागा मिळाली. टायरवाल्याच्या मागे झाडाची सावली, फुकट. रेघेच्या जरा पलीकडे आहे, पण गाव एकच ना. रेघ टुरिस्टांसाठी असणार.

१६ जून
फुकट सल्ल्याच्या हेल्पलाइनवर फोन. अर्धा तास तेच ते संगीत. मग एक मुलगी आली. विचारलं, बायकोची संमती लागते का? नाही म्हणाली. चूक कुणाची हे सिद्ध करावं लागतं का? नाही. (अरेरे. माझ्याकडे तिच्या दोन चुका तयार होत्या.) लग्नानंतर घेतलेली व्हॅन कुणाची? सांगायला लागली, तेवढ्यात बाहेर सायरन वाजला. बघायला गेलो. परत आलो तर फोन कट.
एक मात्र कळलं. नेवाडात राहणाऱ्या कुणीतरी शपथेवर लिहून द्यावं लागतं की हा माणूस इथंच राहतो. ओपलबाई देतील. त्यांना मी आवडतो.

२१ जून
रविवार. व्हॅनजवळचं दारूचं दुकान बंद. रविवारी! दारू-जुगाराच्या नेवाडात! कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर जुगाराचं एक मशीन नाही. या राज्याचं काही खरं राहिलं नाही.

२९ जून
कंटाळा. पण हललेलो नाही. मॅरिबेथला व्हॅनचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, बघ, इथंच आहे. तिनं उत्तरात नुसता अंगठा पाठवला. विरघळतेय.

४ जुलै
कोर्टातल्या भांडणात वकील न घेता चालतं का, हे विचारायला मॅरिबेथलाच फोन केला. दुसरं कुणाला विचारणार? म्हणाली, आपलं भांडण कुठाय, डस्टी? मी म्हटलं, तेच तर, नाहीच. मागे तिच्याकडे स्वातंत्र्यदिनाचे फटाके वाजत होते. मग ती म्हणाली, सकाळी लवकर ड्यूटी आहे, ठेवते.
चांगलं झालं बोलणं.

११ जुलै
गिटार शिकायला घेतली. टायरवाल्याची आहे.

१३ जुलै
गिटार परत केली. बोटं दुखतात.

१८ जुलै
गावाबाहेरच्या मिठाच्या मैदानावर एक माणूस रॉकेटसारखी गाडी पळवून बघणार होता. सामान धरायला माणूस हवा होता. फक्त दोन रात्री. परवाच परत आलो. आपण जातो-येतो, मुक्काम तर तोच. मोजायचं कसं हे मीच ठरवणार ना?
गाडी सुरू झालीच नाही.

२४ जुलै
झाले! सहा आठवडे! आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी शेवटपर्यंत चिकटून राहिलो. ओपलबाईंपुढे शपथपत्र ठेवलं. चष्मा लावून वाचलं त्यांनी. विचारलं, झोपतोस कुठे?
टायरवाल्याच्या मागे.
म्हणाल्या, राजा, ते युटा आहे.
म्हटलं, दिवसभर तर इथंच असतो!
म्हणाल्या, भांडी घासायला येतोस. राहतोस तिकडे. देवाच्या नावानं शपथ घेऊन मी खोटं लिहू? तुझ्यासाठी? काल तीन कप फोडलेस तू.
मी म्हटलं, रेघेपासून पन्नास पावलं! त्यांनी कॉफीचं भांडं उचललं आणि गिऱ्हाइकाकडे गेल्या.

२५ जुलै
युटात अर्ज टाकला तर? हेल्पलाइन म्हणाली, तिथं तीन महिने राहावं लागतं. म्हणजे इथंही अपुरा, तिथंही अपुरा. कायदा करणाऱ्यांनी कधी व्हॅनमध्ये राहून बघितलंय?
आजपासून व्हॅन डायनरच्या मागे. सावली नाही. पुन्हा पहिल्यापासून. यावेळी कडक.

२८ जुलै
व्हॅन भट्टी झालीय. आजच्यापुरता झाडाखाली झोपलो.

१ ऑगस्ट
मॅरिबेथला फोन. उचलला नाही. बिझी असेल.

७ ऑगस्ट
सकाळी ओपलबाईंनी समोर पॅनकेकची प्लेट ठेवली. कधी देत नाहीत. मग ॲप्रनमधून जाड पाकीट काढलं आणि म्हणाल्या, बाळा, हे तुझ्या हातात दिलंय, लक्षात ठेव. मला राजा म्हणतात त्या, बाळा नाही.
मॅरिबेथचा अर्ज. बॉइसीच्या कोर्टातून. माझ्या नावापुढे पत्ता: वेन्डोव्हर, युटा. अचूक.
फोन केला. यावेळी उचलला. विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, तू पाठवलेल्या फोटोत टायरवाल्याची पाटी होती, युटा लिहिलेली. म्हटलं, मग तेव्हाच सांगायचंस ना! म्हणाली, सांगितलं असतं तर हलला असतास. इतके दिवस तू कुठं आहेस हे मला पहिल्यांदाच माहीत होतं, डस्टी. बरं वाटत होतं.
मी गार झालेले पॅनकेक संपवले.
कागद आपण आपल्या हातानं देऊ शकत नाही, तिसऱ्या माणसानं द्यावे लागतात. तिनं डायनरला फोन करून ओपलबाईंना सांगितलं, पाकीट त्यांच्या नावे पाठवलं. कागद मला दिल्याचं शपथपत्र ओपलबाईंनी दुपारी सही करून पाठवलंसुद्धा. माझ्याबद्दलच लिहिलंय. सगळं खरं.
अर्जात व्हॅन मला दिलीय. तिनं काहीच मागितलं नाही. फक्त माहेरचं आडनाव परत.
उत्तर द्यायला एकवीस दिवसांची मुदत आहे. एकवीस म्हणजे काहीच नाही, सहज बसेन.
उत्तर दिलं नाही तर काय होतं? मॅरिबेथला विचारलं पाहिजे.