गेटपुढचा दगड

६ मार्च
अंबाजोगाईहून परतलो. डॉक्टर म्हणाले, लकव्यानं गेलेल्या कौशल्याच्या डाव्या पायात जे काही बळ परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येईल, पुढे नाही. रोज सकाळी सपाट जमिनीवर चालवा. आमच्यापुढचा रस्ता खडीचा. म्हणजे कॉलनीची बाग. बागेतला सिमेंटचा ट्रॅक आमच्या दारापासून वीस पावलांवर. तेवढं धरून नेलं की झालं.
संकल्प : सहा महिन्यांत बायको चालती करायची. बाकी सगळं बाजूला.
(भाड्याच्या गाडीनं गेलो. आपली गाडी आहे, पण बॅटरी उतरली आहे. दोन वर्षं झाली.)

७ मार्च, सकाळी ६.३०
बागेच्या गेटपुढे बबनराव मुकादमाची उसाची ट्रॉली. कारखाना बंद झाला, टोळ्या घरी आल्या, आता ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिवाळीपर्यंत बागेच्या भिंतीला. गेट आणि ट्रॉलीच्या मधून मांजर जाईल. काठी टेकणारी बाई नाही.
कौशल्या म्हणाली, "बबनरावाला सांगा की, तीन फूट मागं घे म्हणून. न्हाई म्हणायचा न्हाई तो."
आजारी माणसाला प्रश्नाच्या मुळाशी जाता येत नाही. तीन फुटांनी एक गेट सुटेल. कॉलनीच्या पार्किंगचं काय? एकतीस वर्षं कार्यालयात लोकांचे अर्ज तपासले. आता एक स्वतः लिहिणार.

८ मार्च
पालिकेला अर्ज. चार पानं, अकरा मुद्दे. कौशल्याचा उल्लेख नववा. व्यक्तिगत वाटू नये म्हणून.

१२ मार्च
धक्का. आमची संगीता (धुणंभांडी करते, सकाळी कौशल्याजवळ असते) हिनं परस्पर म्हाळूला गाठलं. म्हाळू म्हणजे बबनरावाचा ड्रायव्हर. "भाऊ, जरा मागं घे की, काकूला फिरायचंय," एवढंच बोलली आणि त्यानं घेतली. गेले तीन दिवस कौशल्या बागेत जाते आहे! आज ऐंशी पावलं झाली म्हणे. मला का सांगितलं नाही, विचारलं. संगीता म्हणाली, "काका, तुमी अर्जात गुतलेले होते."
संध्याकाळी बबनरावाकडे गेलो. आम्हाला मेहेरबानी नको, हक्क हवा, असं तोंडावर सांगितलं. शिवाय पालिकेचे लोक पाहणीला आले आणि गेट मोकळं दिसलं, तर माझ्या अर्जाला काय किंमत राहील? तोवर ट्रॉली होती तिथेच असू द्या.
बबनराव म्हणाले, "म्हंजे परत आडवी लावू? नाथराव, ऊन लागलं का तुमाला?"
लावली. माणूस शब्दाला पक्का आहे.
कौशल्या जेवली नाही. भूक मंदावते, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. (सांगितलं नव्हतं बहुतेक. पण मंदावतेच.)

२४ मार्च
पालिका. जागेवर येऊन गेलेल्या तिथल्या माणसानं पहिलं पान वाचून विचारलं, बागेच्या भिंतीलगत कव्हर घातलेली पांढरी गाडी कोणाची? म्हटलं, माझी. मग आधी ती काढा, म्हणाला. मी शांतपणे समजावलं की पार्किंग म्हणजे गाडी आणून लावणं. माझी गाडी कुठून येत नाही, कुठं जात नाही. ती तिथे असते. त्यानं शेजारच्याला बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं. दोघंही लक्ष देऊन ऐकत होते.
अर्ज तूर्त परत घेतला. माघार नाही.
कौशल्या पलंगापासून दारापर्यंत चालते. अठरा पावलं. सहा फेऱ्या मारल्या तर शंभराच्या वर जातात. तिला हिशोब समजावला. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

८ एप्रिल, दुपारी २
सुचलं! आमच्या ऑफिसच्या जिन्यात लोक पान थुंकायचे. कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्या, आठ दिवसांत थुंकणं बंद. अर्ज नाही, पाहणी नाही.
परसात कौशल्याचा धुण्याचा दगड पडून आहे. वॉशिंग मशीन आल्यापासून बिनकामाचा. शेंदूर, गोडं तेल. सिलेंडरच्या चाकांच्या स्टँडवर चढवून नेला. ऊन असं की कुत्रंसुद्धा बाहेर नाही. गेटच्या बाजूला उभा केला, दोन डोळे काढले. डावा डोळा थोडा खाली आला आहे. उग्र दिसतो. बोटं भाजली.

९ एप्रिल
सकाळी म्हाळू आला, थबकला, चप्पल काढली. "आता गं बया, हे कवा निघालं?" म्हणाला आणि हात जोडून ट्रॉली पार वळणापर्यंत नेली. मी खिडकीतून पाहत होतो. याला प्रशासन म्हणतात.

१० एप्रिल
कौशल्या बागेत. साठ पावलं. परत येताना गेटपाशी थांबली, दगडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "कोपऱ्याचा टवका वळखीचा हाय," म्हणाली. आणि हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा.

११ एप्रिल, शनिवार
कोणीतरी नारळ फोडला. म्हसोबा की मारुती, यावर दोन गट आहेत. मोटारसायकली सात.

१८ एप्रिल, शनिवार
मारुती ठरला. बबनरावाच्या स्वप्नात आला होता म्हणे, जागा कमी पडते म्हणाला. मोटारसायकली चाळीस, रिक्षा सहा, एक टेम्पो भरून बायका. माझ्या गाडीच्या बोनेटवर एका बाईनं नारळ मांडले. कव्हर आहे, ओरखडा येणार नाही.
कौशल्याला गेटपर्यंतही जाता आलं नाही. शनिवारचा एक दिवस. सहा उरतातच.

२ मे
सातही गेले. ट्रॅकवर मंडपाचे खड्डे. बागेतली लॉन बबनरावाच्या ट्रॅक्टरनं दोन तासांत सपाट केली, भक्तांच्या गाड्यांसाठी. झोपाळा काढला. मी विरोध करणार होतो. वर्गणीला आलेल्या लोकांना तसं सांगायचं ठरवलं होतं. पण देवाच्या कामात भांडण नको. पाचशे एक दिले.
दगड कोणी ठेवला, हे फक्त मला आणि कौशल्याला ठाऊक. मोठी जबाबदारी आहे.

९ मे
कौशल्या म्हणाली, "सांगून टाका. तुमी ठिवला म्हणावं. माझा धुण्याचा दगड हाय. लोक दोन दिवस हसतील, मग बाग तरी सुटंल." दोन महिने गेले, चार राहिले, हेही म्हणाली. दिवस मोजत बसते.
संकल्प : उद्याच्या कॉलनीच्या मीटिंगमध्ये सत्य सांगायचं. भाषण तयार. सुरुवात : "बंधूंनो, श्रद्धा ही मोठी गोष्ट आहे, परंतु."

१० मे
"परंतु"पर्यंत पोचलो नाही. मी उभा राहताच बबनराव म्हणाले, "हे नाथराव. कॉलनीत पार्किंगची काळजी असलेला एकच माणूस." टाळ्या. मला पार्किंग प्रमुख केलं. बिल्ला, शिट्टी, लाल टोपी. चार वर्षांपूर्वी निरोपसमारंभात शाल मिळाली होती, त्यानंतर आजच.
एका अर्थी, ज्यासाठी अर्ज केला होता तेच झालं.
घरी आलो तर कौशल्या दारात खुर्ची टाकून बसली होती. तिनं बिल्ला वाचला. काही विचारलं नाही. समजूतदार आहे.

२३ मे, शनिवार
गाड्या एकशे बारा. चुन्याची फक्की टाकून रेषा आखल्या. दुचाकी वेगळ्या, चारचाकी वेगळ्या. लोक ऐकतात. शिट्टीत ताकद आहे.
कौशल्यानं आज घरातल्या फेऱ्या मारल्या नाहीत. उन्हाळा आहे.

१३ जून, शनिवार
हे लिहायचं नव्हतं.
आरतीच्या वेळी कौशल्या संगीताच्या खांद्यावर भार टाकून मंडपापर्यंत आली. चपलांच्या ढिगातून, गाड्यांच्या मधून. किती वेळ लागला असेल. सगळ्यांसमोर म्हणाली, "बायांनो, ह्यो देव न्हाई. माझा धुण्याचा दगड हाय. चोवीस वर्सं धुणं आपटलंय म्या त्याच्यावर. माझ्या नवऱ्यानं आणून ठिवलाय. मला चालायला जागा द्या."
एक म्हातारी म्हणाली, "बिचारी! अटॅक डोक्यात गेला वाटतं." कौशल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "इचारा त्यांना."
बबनराव माझ्याकडे वळले. "नाथराव, खरंय का?"
दीडशे गाड्या होत्या. गडबड झाली असती. चेंगराचेंगरी होऊ शकते. पार्किंग प्रमुख म्हणून त्या वेळी मी एवढंच म्हणालो, "या आजारात असं होतं."
बायकांनी तिला तीर्थ पाजलं, कपाळाला शेंदूर लावला. संगीतानं घरी नेलं. जाताना संगीता माझ्याकडे बघून थुंकली. पगार कापणार होतो. पण दुसरी बाई मिळत नाही.

१४ जून
कौशल्या बोलत नाही. वाचेवर परिणाम झाला की काय? डॉक्टरांना फोन करायला हवा.

१७ जून
संगीताशी बोलते. म्हणजे वाचा ठीक आहे.

२५ जुलै
मंडपावर पत्रे. भिंतीला फरशी. देणगीदारांच्या यादीत माझं नाव एकोणिसावं.
कौशल्या उठत नाही. संगीता दोन वेळा तेल लावून पाय दाबते. म्हणते, "काका, पिंडरीत मांसच न्हाई राह्यलं." संगीता अशिक्षित आहे.

७ सप्टेंबर
अंबाजोगाई. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला. वाकला नाही. विचारलं, रोज चालवत होता ना? मी म्हणालो, हो, जागेची थोडी अडचण होती. त्यांनी कौशल्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. डॉक्टर म्हणाले, आता खुर्ची घेऊन टाका, चाकांची.
परतताना गाडीत ती सगळा वेळ बाहेर बघत होती. मी तिला नवीन पार्किंग व्यवस्थेबद्दल सांगत होतो. लिंबागणेश फाटा आला, तिचं माहेर तिकडेच. म्हटलं, थांबायचं का? ती म्हणाली, "अशी?" तेवढंच.

१२ सप्टेंबर, शनिवार
बबनराव घरी आले. माझ्या हातून टोपी आणि शिट्टी घेतली. म्हणाले, "तुमी आता वैनीकडं बघा. म्हाळू करील ह्ये. त्याला काय, नुसतं फुकायचं हाय." मी बिल्लाही काढून दिला. ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या आठवण म्हणून.
बरंच झालं. आता पूर्ण वेळ तिच्यासाठी.
कौशल्याला सांगितलं, उद्या सकाळी सहाला तयार राहा. खुर्ची येईपर्यंत मी स्वतः नेतो, उचलून नेतो. सहा महिने हा डॉक्टरांचा अंदाज असतो, कायदा नाही. रोज जायचं, एक दिवस चुकवायचं नाही.
ती म्हणाली, "कुठं?"
खिडकीतून पाहिलं. बाग भरली होती. म्हाळू शिट्टी फुंकत होता, गाड्या येत होत्या आणि माझ्या रेषांमध्ये लागत होत्या. रेषा सरळ आल्या आहेत.