लग्नात न चालणारी लेन्स

बुधवार, संध्याकाळ

"छोटी लेन्स घे की, माझ्या लग्नात पण चालंल," सायली म्हणाली आणि माझं सगळं गणित तिथंच फिरलं. कॅमेऱ्याच्या दुकानात होतो. कॅमेरा ठरला होता, काउंटरवर दोन लेन्स मांडलेल्या, एक छोटी, एक मोठी. लग्न कुणाशी, कधी ठरलं, मी विचारलंच नाही. का नाही विचारलं?

कॉलेज सोडल्यावर ही एकटीच माझ्याबरोबर कळंब्याच्या तळ्यावर पक्षी बघायला यायची. मला वाटलं, माझ्यासाठी येते. पक्ष्यांसाठीच येत होती.

मी मोठी लेन्स उचलली. दुकानदार म्हणाला, "भावा, हिच्यात लांबचा खंड्या डोळ्यासकट येतोय. पण हॉलमध्ये नवरीचं नुसतं नाक येणार."

सायली हसली. "मग माझे फोटो कोण काढणार रे?"

"नाकाचा काढतो की."

तिला चेष्टा वाटली. अजून हसली. नाकावर सुरकुत्या पाडून हसते, तेच बघत बसलो होतो वर्षभर.

"हीच द्या," मी म्हणालो.

"लग्नाच्या ऑर्डरी न्हाय मिळायच्या बघ," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच द्या."

सायलीनं छोटी लेन्स दुकानदाराकडं परत सरकवली. कळलं असेल तर बरंच झालं. लेन्सची पिशवी उचलली, 'घरी सोडतो' म्हणालो नाही, बाहेर पडलो आणि काचेचा दरवाजा मागं ओढून घेतला.