विहिरीकडचा दिवा

२५ ऑक्टो. २००३, शनिवार. दिवाळीची अमावास्या
दादाला जाऊन वर्ष व्हायचंय, म्हणून घरात दिवाळी नाही. कंदील नाही, फराळ नाही. आई नुसती बसून. वैनी चुलीपुढे. मी माळ्यावर.
माळ्यावर दादानं गेल्या दिवाळीत कंदिलासाठी आणलेला लाल जिलेटीन कागद सापडला. उरलेला, घडी तशीच. वाचनालयातल्या पुस्तकात लिहिलंय, आकाश बघताना लाल उजेड वापरावा, डोळ्यांना लागलेली अंधाराची सवय मोडत नाही. दादाचीच तीन सेलची बॅटरी घेतली, काचेवर कागद बसवला, वर रबर. झकास.
दुर्बीणही आज पुरी झाली. पाइपलाइनचा उरलेला तुकडा, पुढे एक नंबरची न कापलेली काच, मागे घड्याळजीचं भिंग. काच शेठनी दिली. फाट्यावरच्या त्यांच्या चष्म्याच्या दुकानात मी काचा घासतो, त्यामुळे तेवढा हक्क. देताना म्हणाले, "दत्तोबा, गिऱ्हाइकाला जवळचं दिसंना म्हणून आपलं पोट भरतं. आणि तू निघाला लांबचं बघायला." शेठ जैन, दिवस मावळायच्या आत जेवतात. म्हणून दुकान लवकर बंद आणि माझी संध्याकाळ मोकळी. त्यांच्या धर्माचा फायदा मला.
घरामागच्या बांधावर मांडामांड केली. चांदणं नाही, लाईटही गेलेली, निमगावात काळं कुळकुळीत. असं आकाश पुण्यामुंबईच्या माणसाला पैसे देऊन मिळायचं नाही.
आई मागच्या ओट्यावरून: "बिबट्या न्हेईल तुला. मग बस चांदण्या मोजत."

२३ नोव्हें., रविवार. अमा.
महिन्यातून खरी एकच रात्र. चंद्र असला की बारीकसारीक सगळं पुसलं जातं. पंचांग आता आईपेक्षा मी जास्त बघतो.
कृत्तिका नळीत मावत नाहीत. मृगाच्या तलवारीत धुरकट डाग, पुस्तकात म्हणतात तसाच. सगळं उलटं दिसतं, खालचं वर. सवय होईल.
बॅटरी घेऊन बांधावरून दोनदा घरी आलो-गेलो, वही विसरली म्हणून. वैनी ओट्यावर बसून होत्या. म्हटलं, थंडीत कशाला. "बसलीय अशीच." शेजारी ताटली झाकून ठेवलेली. कुत्र्याला असेल.
दादा असता तर नळीला डोळा लावून म्हणाला असता, "काय दिसंना राव, झाकण काढ." आणि झाकण खरंच राहिलेलं असतं.

५ डिसें.
फाट्यावरून येताना जीपमध्ये चर्चा. निमगावात मयताच्या रानात अमुशाला लाल दिवा फिरतो म्हणे. एक म्हातारा शपथेवर: "म्या सोता बघितला. जमिनीपासून हातभर वर. चालत व्हता." मला हसू आवरेना, खोकल्याचं सोंग केलं.
खुलासा केला नाही. भुताच्या भीतीनं रानातली वांगी तरी शाबूत राहतील.

२३ डिसें. अमा.
शनी दिसला. खरंच कडं आहे! बारका, पिवळट, दोन्ही बाजूंना कान असल्यासारखा. नळी धरून बसलो. आईला हाक मारली. ती येईना. "शनीला कुणी समोरून बघतं का? देवळात बी कडंला उभं ऱ्हात्यात." म्हटलं, नळीत उलटा दिसतो, म्हणजे त्याची पाठ आपल्याकडे. पटलं नाही.
वैनींना बोलवायला ओट्यावर गेलो. त्या नव्हत्या. ओट्याच्या टोकाला, रानाकडे तोंड करून, ताटली. दहीभात, वर मिठाचा खडा. दादाला लागायचा तसा.
आईनं मला आत ओढलं. हळू आवाजात: "उचलू नगं. दिवाळीपास्नं ठेवती ती. तिला वाटतं त्यो येतो. दिवा दिसतो तिला."
तो दिवा माझ्या खिशात होता.
पुढं काही बघितलं नाही. नळी फडक्यात गुंडाळली.

२४ डिसें.
झोप नाही. मला चेष्टा वाटली होती. बांधावर मी मृग बघत होतो आणि ओट्यावर ती बाई नवऱ्याला बघत होती. माझी मलाच लाज वाटते. पण सांगू कसं? "वैनी, तो दादा नव्हे, मी होतो" हे वाक्य तोंडातून निघत नाही. दुकानात दोन काचा फोडल्या. शेठनी नुसता चहा मागवला.

११ जाने. २००४
निरगुडसरहून वैनींचे वडील आले. तात्या सरळ माणूस, आडपडदा नाही. पुण्यात मुलींच्या वसतिगृहात देखरेखीच्या कामाची जागा आहे, वैनींच्या मामांनी शब्द टाकलाय. राहणं तिथंच. बारावी झालेली बाई त्यांना चालते. फेब्रुवारीत वर्षश्राद्ध उरकलं की पाडव्यापर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला.
आई म्हणाली, "न्या तिला. सव्विसाव्या वर्षी हितं भिताड बघत बसायचं व्हय?" असं बोलली आणि आत जाऊन रडली.
वैनी नाही म्हणाल्या. तात्यांनी समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं. शेवटी त्या म्हणाल्या, "ते अमुशाला येत्यात, तात्या. मी न्हाई तर ओट्यावर कोण बसंल?"
तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पायाकडे.

२१ जाने. अमा.
बॅटरी नेली नाही. बांधावरही गेलो नाही. घरात पडून राहिलो. म्हटलं, एक अमावास्या कोरडी गेली की त्यांची आशा आपोआप सुटेल. न बोलता काम होईल. भित्रेपणाच हा, दुसरं काय.
नऊच्या सुमारास वैनी आत आल्या. चेहरा शांत. ताटली घासून ठेवली, झोपल्या. म्हणजे काही दिसलं नाही, असं मी धरलं.

८ फेब्रु.
वर्षश्राद्ध झालं. कावळा लगेच शिवला. आईला बरं वाटलं. माणसं जेवून गेली.
संध्याकाळी वैनी गोठ्यात होत्या. गेलो आणि एका दमात सगळं सांगितलं. बॅटरी, जिलेटीन कागद, बांध, अमावास्येलाच का. बॅटरी पेटवूनही दाखवली. रडतील वाटलं, चिडतील वाटलं. त्यांनी धार काढायची थांबवली नाही.
"म्हाईतंय मला, भाऊजी."
"काय माहितंय?"
"बांधावरचा दिवा तुमचा. तुमी ठेचकाळता बी, तवा त्यो हालतो. मी त्याच्यासाठी बसत न्हाई." मग चरवी बाजूला ठेवून, "विहिरीकडचा त्यांचा."
मी म्हटलं, गेल्या अमावास्येला तर मी बाहेर पडलोच नव्हतो.
"व्हय. तवा एकच व्हता."

९ फेब्रु.
दुकानाला दांडी. सकाळी उजेडात विहिरीवर गेलो. घराच्या ओट्यावरून डाव्या हाताला माझा बांध, उजव्या हाताला खाली विहीर. बांध आणि विहिरीच्या मध्ये ऊस होता, तो आता तुटलाय. वर्षात तिकडे कुणी गेलं नाही. पाणी कॅनॉलचं घेतो.
रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण अंधारात एक उत्तर सुचलं होतं. स्टार्टरची पेटी! पेटीवर तीन दिवे असतात, लाल, पिवळा, निळा. रात्रपाळीची लाईट आली की पेटतात. दादानंच शिकवलं होतं, "तिन्ही लागलं तर बटण दाब. एकटा लाल असंल तर हात लावू नगं, फेज गेलेली असती." त्याच पेटीत करंट उतरला होता, दादा गेला त्या रात्री. तर म्हटलं, एकटा लाल पेटत असणार आणि वैनींना तो दिसत असणार. संपला विषय. मी खुशीतच गेलो, खोटं कशाला बोलू.
वायर खांबापासूनच तोडलेली. वायरमननं तेव्हाच तोडली होती, विसरलो होतो. टोकं गुंडाळून तशीच लोंबतायत. लाल दिव्याच्या काचेवर कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय, बोटभर जाड. आतून सूर्य पेटला तरी बाहेर उजेड यायचा नाही.
ते घर फोडावंसं वाटलं नाही.

२० फेब्रु. अमा.
आकाश स्वच्छ होतं. मी बांधावर गेलो आणि सगळा वेळ विहिरीकडे पाठ करून बसलो. घरी सांगितलं, शनी बघितला. काही बघितलं नाही.

१४ मार्च
शेठना विचारलं, एकाच माणसाला दिसतं ते खरं की खोटं. त्यांना वाटलं गिऱ्हाइकाबद्दल विचारतोय. म्हणाले, "दुसऱ्यानं बघायचं. नंबर काढताना आपण काय करतो? एक डोळा झाकतो, मग दुसरा झाकतो. दोन्हीला तेच दिसलं तर तेच लिहितो."
घरी येऊन वैनींना म्हटलं, पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावास्या आहे. मी तुमच्याशेजारी बसतो. बॅटरी विझवून मध्ये ठेवू. दुर्बीण विहिरीकडे लावू.
त्या म्हणाल्या, "बरं."

२० मार्च, शनिवार. अमा.
पश्चिमेला शुक्र एवढा तेजस्वी की शेजारची पोरं विमान म्हणाली. त्याच्यावर मंगळ, डोक्यावर शनी, पूर्वेला गुरू. अशी संध्याकाळ पुन्हा कधी येते कोण जाणे, आणि माझी नळी जमिनीकडे वळवलेली.
ओट्यावर आम्ही दोघं. मध्ये बॅटरी. आई उंबऱ्याशी, माळ घेऊन. आठ वाजता सगळा अंधार. उसाचं पाचट वाऱ्यानं हलत होतं, दुसरा आवाज नाही. मला घाम. बिबट्याला मी इतका घाबरलो नव्हतो.
मी नळी धरणार तेवढ्यात वैनी म्हणाल्या, "आधी मी बघते."
खूप वेळ बघितलं. पदर तोंडाशी. एकदा मान हलली, कुणी काही विचारल्यावर हलते तशी. मग बाजूला झाल्या.
मी वाकलो. भिंगावर ओल आलेली, त्यांच्या डोळ्यांची. सदऱ्यानं पुसून पुन्हा डोळा लावला. नुसता अंधार. नुसत्या डोळ्यांनी बघितलं, तेच.
"काय दिसलं, वैनी?"
"तुमच्या नळीत समदं उलटं दिसतं, भाऊजी." हसल्या थोडं. वर्षात पहिल्यांदा. "तात्या उद्या सकाळीच येतील. कपडं काढून ठेवाया पायजेत."
आज ताटली वाढलेली नव्हती, हे मला आत गेल्यावर लक्षात आलं.

२१ मार्च. पाडवा
गुढी उभारली. लहानच.
तात्या जीप घेऊन आले. वैनींनी आईच्या पाया पडून घेतलं, दोघी एकमेकींना सोडेनात. मी फाट्यापर्यंत बरोबर गेलो. पुण्याची एसटी उभीच होती. खिडकीतून म्हणाल्या, "भाऊजी, बॅटरी देता का? त्यांची हाये म्हणून."
खिशातच होती. लाल कागद काढायला लागलो. "ऱ्हाऊ द्या तसाच."
गाडी सुटायच्या आधी धीर करून विचारलं, काल काय झालं. त्या म्हणाल्या, "आता माझ्यासाठी येऊ नका, असं सांगितलं. आईकलं त्यांनी."
गाडी गेली. मी बराच वेळ स्टँडवर. दादा गेला तेव्हा धावपळीत रडायचं राहिलं होतं, ते तिथं झालं. लोक बघत होते. बघू देत.

२ एप्रिल
शेजाऱ्यांच्या फोनवर वैनींचा फोन. बऱ्या आहेत. मुली ऐकतात. तिथं आकाश तांबूस, चांदण्या मोजक्या. आई फोनवर ओरडून बोलते, पुणे लांब आहे म्हणून.
विहिरीचं नाव कुणी काढलं नाही.

१९ एप्रिल, सोमवार. अमा.
जेवणाआधी बांधावर गेलो. गुरू वर आलेला. त्याचे चार चंद्र एका रेषेत, ओवलेल्या मण्यांसारखे. बॅटरी नाही, म्हणून अंधारातच चाचपत वहीत चार ठिपके काढले. जरा बरं वाटत होतं. वैनी मार्गाला लागल्या, जे होतं ते त्यांच्यापाशी मिटलं, असं मनाशी धरलं होतं.
एवढ्यात ओट्यावरून आईची हाक.
"दत्तू, विहिरीकडं कशापायी गेलास रं दिवा घेऊन? माघारी ये. भात निवला."
मी बांधावर. विहीर माझ्या पाठीमागे. आईची नजर अजून चांगली आहे, नंबर मीच काढलाय.
वैनींसाठी यायचा म्हणावं, तर वैनी पुण्यात. त्यांनी नको म्हणून सांगितलंय आणि त्यानं ऐकलंय. मग आता कुणासाठी?
मान वळेना. वळवावी असंही वाटत होतं, दादा म्हणून रडावं असंही वाटत होतं.
"आलो," म्हणून ओरडलो.
आईला वाटलं, तिलाच म्हणालो.