विरजणाच्या वारसाहक्काबाबत

मी, डॉ. कालिंदी दत्तोपंत पैठणकर, वय एकाहत्तर, अविवाहित, सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त प्राध्यापक, राहणार छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. शिरूरकरांनी दिला आहे. त्यात त्यांनी तारीख चुकीची घातली होती, ती मी दुरुस्त करून घेतली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. संताप आहे, पण संतापामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही, असे वकील सांगतात.

१. माझे राहते घर व बँकेतील ठेव भाची उमा हिला मिळावी. तिच्या भावाला काही देऊ नये. माझ्या आजारपणात त्याने डॉक्टरच्या आधी घराचा दलाल आणला होता.

२. तेराव्याचे जेवण घालू नये. माझ्या हातांना जिवाणूंचा वास येतो म्हणून ज्यांनी जन्मभर नाके मुरडली, त्यांना माझ्या नावाने बासुंदी चारण्याची मला हौस नाही.

३. माझा सूक्ष्मदर्शक खुलताबादच्या शाळेला द्यावा. गोदातीर विद्यापीठाने शाल-श्रीफळासह दिलेले काचेचे गौरवचिन्ह लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवलेले आहे. ते तिथेच राहू द्यावे. तेवढे एक काम ते चोख करते.

४. आता विरजण. वकील म्हणाले, हे कलम दोन ओळींत आटपा. ते दोन ओळींत आटपणारे नाही.

खुलताबादजवळच्या वस्तीवरील द्वारकाबाई सांडू गाडेकर यांच्या घरचे दही भर वैशाखातही आंबट होत नाही. हे मी ऐकले आणि वाडगा घेऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी तो भरून दिला. मी पैसे काढले तर म्हणाल्या, "इरजणाचे पैसे घेत नसतेत बाई. ठिवा ते पर्समधी." त्या विरजणावर मी नोकरीची उरलेली सगळी वर्षे काम केले. त्यात तीन जातींचे जिवाणू एकमेकांना सांभाळून राहतात, हे सिद्ध केले. माझ्या प्रत्येक शोधनिबंधात द्वारकाबाईंचे नाव आहे.

मग विद्यापीठात संशोधनातून उद्योग उभारण्याचे केंद्र निघाले. त्याचा प्रमुख डॉ. निशिकांत वरखेडे, माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "मॅडम, पेपर लिहून लोकांच्या ताटात काही पडत नाही. याचं प्रॉडक्ट झालं पाहिजे." हे मला पटले होते आणि आजही पटते. संशोधन कपाटात सडावे असे मी कधी म्हटलेले नाही. दध्यंकुर नावाची कंपनी निघाली, वाळूजला कारखाना झाला, विरजणाच्या पुड्या बाजारात आल्या. विद्यापीठाने कंपनीशी केलेल्या करारातून मात्र द्वारकाबाईंचे नाव गायब. विचारले तर वरखेडे म्हणतो, "मॅडम, तसा रकानाच नव्हता."

प्रकरण एवढ्यावर थांबले असते तर मी गप्प बसले असते. द्वारकाबाई आणि वस्तीवरच्या बायका गट करून खुलताबादच्या दुकानांना दही पुरवतात. कंपनीने त्यांना वकिलाची नोटीस धाडली, की आमच्या मालकीचे विरजण वापरणे बंद करा. द्वारकाबाई ती पिशवीत घालून बसने माझ्याकडे आल्या. मी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आमच्याच गाडग्यातलं इरजण, अन् आम्हालाच चोर म्हणायलेत व्हय?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

यंदाच्या उन्हाळ्यात कंपनीचे विरजण मेले. तीनपैकी दोन जिवाणू हळू वाढतात, कारखान्याचा वेळ खातात, म्हणून वरखेडेने ते काढून टाकले होते. जिवाणूंतही रोगाची साथ येते. एकच जात ठेवली की एका साथीत सगळी जाते, हे मी त्याला एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी शिकवले होते. आता कंपनीला मूळ विरजण हवे आहे. विद्यापीठाचे पत्र आले, की तुमच्या घरी असलेली आमची मालमत्ता जमा करा. पाठोपाठ वरखेडे पेढे घेऊन आला आणि संचालकपद देऊ करून गेला. पेढे मी शेजारी दिले.

सबब मी ठरवते की, माझ्या फ्रिजमधील मूळ विरजण द्वारकाबाईंचे असून ते त्यांना परत जावे. त्यांच्यामागे त्यांची सून आवडाबाई हिने ते राखावे. उमाने माझे डोळे मिटताच डबा घेऊन निघावे. माझी राख थांबेल, विरजण थांबत नाही.

विद्यापीठ कोर्टात जाईल, असे वकील बजावतात. जावे. गेल्या संक्रांतीला द्वारकाबाईंनी हळदीकुंकू केले आणि वाण म्हणून प्रत्येकीला वाटीभर विरजण दिले. कल्पना माझी, उत्साह त्यांचा. आसपासच्या गावांतल्या बायका आल्या होत्या आणि त्यांच्याकडून ते त्यांच्या माहेरी पोचले आहे. दिलेले वाण परत मागायला कोणत्या दारात बेलिफ पाठवायचा, ते कोर्टाने ठरवावे.

५. डॉ. निशिकांत वरखेडे यास वगळू नये. विरजण मागायला आलेल्या माणसाला आपल्याकडे रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. त्याने वकील न आणता, स्वतःचे भांडे घेऊन द्वारकाबाईंच्या दारात जावे आणि तोंडाने मागावे. त्यांनी त्याला चमचाभर द्यावे. पैसे घेऊ नयेत, सही घेऊ नये. पुढे कोणी विचारले की हे कुठून आणले, तर त्याने द्वारकाबाईंचे नाव सांगावे.

हे मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि एकही शब्द सौम्य करावासा वाटला नाही.

सही: कालिंदी दत्तोपंत पैठणकर

कालिंदीबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. डॉ. बद्रीनाथ शिरूरकर
२. काकासाहेब औताडे, शेजारी

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १८ जून २०२५