आंब्याखालचा वॉर्ड

७ फेब्रुवारी १९७२, सोमवार

पांढरं! सगळं पांढरं. सकाळी डोळे उघडले तर वाटलं, ढगात झोपले आहे. खिडकीतून उन्हाचा पट्टा येतो, त्यात धूळ तरंगते — इतकी सावकाश, की बघता बघता मीच तरंगायला लागते. अंगात ताप असला की असं होतं.

वॉर्डाचा पलीकडचा अर्धा भाग पाडायला घेतलाय. कौलं काढून स्लॅब टाकणार. आम्ही क्षयाच्या बायका अलीकडच्या अर्ध्यात. मध्ये तरटाचा पडदा, तोही फाटका.

शेजारच्या पलंगावर भागीरथाबाई. मौद्याकडची, पन्नाशीची. दिवसभर खोकते. मी शाळेत शिकवायची हे कळल्यापासून मला मास्तरीण म्हणते. आज म्हणाली, "मास्तरीण, हा दवाखाना हाय का पिठाची गिरणी वं?"

खूप हसलो. मग दोघींनाही उबळ.

९ फेब्रुवारी

उमरेडला बाबा मागावर बसायचे तेव्हा उन्हात सुताचे तंतू असेच उडायचे. मी ते धरायला धावायची. आज दुपारी झोप की जाग कळेना — तसाच हात पुढे केला. मुठीत चुना!

पाण्याच्या ग्लासावर चुन्याची साय धरते. ती काढायची आणि प्यायचं.

१२ फेब्रुवारी

भागीरथाबाईला धाप लागली. ओठ निळे पडले. सिस्टरनं ऑक्सिजन लावला, तेव्हाही वरून चुना भुरभुरत होता. मी तिच्या तोंडावर पदर धरून उभी.

मोठ्या डॉक्टरबाई आल्या. म्हटलं, काम थांबवा. म्हणाल्या, "थांबवलं तर पावसाळ्यात डोक्यावर छप्पर नसेल तुमच्या. थोडे दिवस सोसा."

त्यांचंही खरं. पण भागीरथाबाईचा हात माझ्या हातात होता. गार पडलेला. ती कुठून सोसणार?

१४ फेब्रुवारी, सोमवार

काय करून बसलो आज!

घण सुरू झाला तशी मी उठले आणि भागीरथाबाईचा पलंग उशाकडून धरला. पायथ्याकडून रुखमाबाईनं धरला — ही कोपऱ्यातली, कधी कुणाशी बोलत नाही. व्हरांडा, उतार, अंगण, थेट आंब्याखाली. मागून दुसरा पलंग. मग तिसरा. सगळ्याच निघाल्या! खडखड, खडखड. जिला जमेल तिनं ढकललं, जिला नाही ती पलंगावर राणीसारखी बसून राहिली. सिस्टर ओरडत होती, "अहो, काय करून राहिल्या तुम्ही!" आणि मग तीच ऑक्सिजनचं नळकांडं ढकलत मागून आली.

ठेकेदाराचा माणूस चंपतराव धावत आला. "काहून बाहेर आल्या बाई तुम्ही?"

"उडव ना गा तू धूळ," भागीरथाबाई म्हणाली. "आम्ही इथंच हावो."

आंब्याला मोहोर आलाय. वास इतका, की छातीत मावेना. मला वाटलं, माझ्या छातीत एवढी जागा उरली आहे?

डॉक्टरबाई संतापल्या. "डिस्चार्ज देईन एकेकीला!" कुणीही हललं नाही. मी पलंगाचा गज धरला. म्हटलं, "काम करा. पण आधी पाणी मारा, मग घण. पडदा धड लावा. आणि मलबा मागच्या विहिरीत टाकू देऊ नका. वस्तीतल्या बायका तिथूनच पाणी नेतात. खिडकीतून रोज बघते मी."

"विहिरीत?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. चंपतराव जमिनीकडे बघायला लागला. त्या एकट्याच वॉर्डामागे गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या, चपला पांढऱ्या. माझ्या पायथ्याशी बसल्या. चंपतरावाला म्हणाल्या, उद्या घण नाही.

१५ फेब्रुवारी

घण नाही. कावळे ऐकू येतात. भागीरथाबाई झोपली — बसून नाही, आडवी!

२१ फेब्रुवारी

आमच्यावर मंडप टाकलाय. उन्हाळ्यातल्या वाळ्याच्या ताट्या स्टोअरमधून काढल्या आणि पाडकामाच्या बाजूला उभ्या केल्या. दिवसभर भिजवतात. वारा इकडे आला की वाळ्याचा वास येतो, धूळ येत नाही. जुन्या गाद्या रोज वॉर्डामागे जाळत होते, सगळा धूर वस्तीवर. ते आता दूर पडीत जागेत, वाऱ्याची दिशा बघून. मलबा ताडपत्रीखाली झाकून ट्रकनं जातो. विहीर उपसली, लाल औषध टाकलं.

चंपतराव कुरकुरतो — "माणसं पाणीच मारत राहतील त काम कोन करंल?" पण मारतो.

२ मार्च

असे दिवस मला माहीत नव्हते. इंजेक्शन, गोळ्या, मग नुसतं पडून राहायचं. पानांतून उजेड हलतो. माझ्या पांघरुणावर पाणी वाहत असल्यासारखं वाटतं, आणि मी त्यातून कुठेतरी चाललेय. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन जाताना हात करतात. आधी लांबून जायच्या — क्षयाच्या बायका म्हणून. परवा एकीनं कुंपणावर कढीपत्त्याची डहाळी ठेवली.

रुखमाबाई आज गुणगुणत होती. काय ते विचारलं नाही, बंद होईल म्हणून.

१३ मार्च

भागीरथाबाई भाकर मागून खाते. गाल भरलेत. डॉक्टरबाई तिच्यापाशी रेंगाळल्या. म्हणाल्या, औषध तेच, जागा बदलली आणि एवढा फरक? थुंकी पुन्हा तपासायला पाठवली. एक्स-रेही नवा काढणार.

२० मार्च

स्लॅब झाला. वॉर्ड तयार. भिंतींना नवा रंग, फरशी धुतलेली. मला आत जायचंच नाही! सिस्टरला म्हटलं, तर ती हसली. "मलेही नाही."

२४ मार्च, शुक्रवार

डॉक्टरबाई एक्स-रेची फिल्म घेऊन आल्या. भागीरथाबाईला विचारलं, "आजारी पडायच्या आधी काय काम करत होता?"

"गिट्टीच्या खदानीत होती ना मी. दगड फोडले. सारी जिंदगी."

डॉक्टरबाई खाली बसल्या. हळूच म्हणाल्या, "तुम्हाला क्षय नाहीच. थुंकी साफ आहे. छातीत दगडाची धूळ बसली आहे. ती निघत नाही. त्याला औषध नाही, भागीरथाबाई."

भागीरथाबाईनं विचारलं, "मंग हे दुसऱ्याले लागते?"

"नाही. कुणालाच नाही."

"नातवाले मांडीवर घेतलं त?"

डॉक्टरबाईंनी मान हलवली — चालेल.

आता गाठोडं बांधून बसली आहे. "दोन सालचा झाला वं मास्तरीण, अजून हात नाही लावला त्याले!" आनंदाच्या घाईत गाठ बसत नाही. मी बांधून दिली.